महिन्याचे जीबी, गर्दीचा तास आणि मोबाइल जाळ्याची क्षमता

तरंगलांबी (धागाकर्ता)

मोबाइल डेटाच्या वाढीविषयी जे लिहिले जाते, त्यात जवळजवळ नेहमी एकच आकडा पुढे केला जातो: जगभरातील जाळ्यांतून दरमहा किती एक्साबाइट (एक एक्साबाइट म्हणजे सुमारे शंभर कोटी जीबी) माहिती गेली. हा आकडा खोटा नाही आणि निरुपयोगीही नाही. परंतु जाळ्याची क्षमता संपत आली आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही, असे माझे मत आहे. त्याची तपासणी व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

दूरसंचार उपकरणे बनवणाऱ्या एरिक्सन कंपनीच्या मोजणीनुसार डिसेंबर २००९ मध्ये मोबाइल जाळ्यांवरील डेटाने प्रथमच संभाषणाला मागे टाकले. त्या टप्प्यावर दोन्हींची वाहतूक प्रत्येकी महिन्याला सुमारे १,४०,००० टेराबाइट, म्हणजे ०.१४ एक्साबाइट होती. पुढच्या पंधरा वर्षांत डेटाची वाहतूक महिन्याला १०० एक्साबाइटच्या पलीकडे गेली, म्हणजे सातशे पटींहून अधिक वाढली. या वाहतुकीचा जवळपास तीन चतुर्थांश भाग व्हिडिओचा आहे. वाढीचा वेग मात्र उतरतो आहे: त्याच कंपनीच्या अहवालांनुसार २०२४ च्या पहिल्या तिमाहीत वार्षिक वाढ २५ टक्के होती आणि २०२५ च्या पहिल्या तिमाहीत ती १९ टक्क्यांवर आली.

आता क्षमतेकडे येऊ. जाळे उभारणारा अभियंता महिन्याच्या बेरजेसाठी जाळे उभारत नाही. दिवसातील सर्वाधिक वर्दळीच्या तासात, विशिष्ट मनोऱ्याच्या विशिष्ट दिशेच्या सेलवर, म्हणजे त्या बाजूने सेवा मिळणाऱ्या क्षेत्रावर, किती भार येईल, हे पाहून तो आखणी करतो. समजा, एका सेलला २० मेगाहर्ट्झ वर्णपट, म्हणजे रेडिओ वारंवारितांचा पट्टा, मिळालेला आहे आणि दर हर्ट्झमागे सरासरी २ बिट प्रतिसेकंद एवढे काम निघते. म्हणजे ४० मेगाबिट प्रतिसेकंद, म्हणजे पूर्ण भाराने चाललेल्या एका तासात १८ जीबी. गर्दीच्या तासाचा वाटा दिवसाच्या वाहतुकीच्या ७ टक्के धरला, तर हा सेल दिवसाला सुमारे २५७ जीबी वाहून नेईल. वापर चोवीस तासांत सारखा पसरला असता, तर ४३२ जीबी गेले असते. उपकरणे तीच, वर्णपट तोच आणि ग्राहकही तेच असताना आकड्यात एवढा फरक पडतो. पहाटे तीन वाजता उतरवलेल्या चित्रपटाचा जाळ्यावर पडणारा ताण जवळजवळ शून्य असतो आणि रात्री नऊ वाजता पाहिलेल्या दहा मिनिटांच्या व्हिडिओचा ताण खरा असतो. महिन्याच्या हिशेबात मात्र पहिला जड भरतो.

वाचनमात्र

उत्तम सुरुवात. माझ्यासारख्या या क्षेत्राबाहेरच्या माणसाला ही क्षमता रस्त्यासारखी वाटते. वर्णपट म्हणजे रस्त्याची रुंदी, डेटा म्हणजे वाहने. गर्दी झाली की रस्ता रुंद करायचा. हे चित्र बरोबर आहे का?

मनोऱ्यावरून

मी रेडिओ जाळ्यांच्या नियोजनात काम करतो, म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो. हे चित्र पहिल्या पायरीपुरते चालेल, पण एका महत्त्वाच्या ठिकाणी ते फसते. रस्त्यावर एक मोटार नेहमी एका मोटारीएवढीच जागा घेते. बिनतारी जाळ्यात एकच व्हिडिओ किती जागा घेईल, हे पाहणारा कुठे बसला आहे यावर अवलंबून असते.

मनोऱ्याजवळ, मोकळ्या जागेत असलेल्या फोनला दर हर्ट्झमागे ६ बिट प्रतिसेकंद मिळू शकतात. सेलच्या कडेला, दोन भिंतींच्या आत असलेल्या फोनला अर्धा बिटसुद्धा जेमतेम मिळतो. दोघांनी तोच व्हिडिओ त्याच दर्जाचा पाहिला, तर दुसरा पहिल्याच्या बारापट वेळ आणि वर्णपट खातो. असे दोनच ग्राहक असतील आणि दोघांना समान वेग द्यायचा असेल, तर सेलची कार्यक्षमता ६ आणि ०.५ यांची साधी सरासरी, म्हणजे ३.२५ निघत नाही, ती ०.९२ एवढीच निघते. म्हणून प्रत्येक सेलमध्ये वेळेचे वाटप करणारा शेड्युलर नावाचा भाग असतो आणि तो दर मिलिसेकंदाला, काही वेळा त्याहूनही लवकर, पुढची पाळी कोणाची हे ठरवतो. तो सर्वांना समान वेग देत नाही आणि केवळ जवळच्यांनाच झुकते मापही देत नाही. बहुतेक ठिकाणी या दोन टोकांमधली तडजोड वापरली जाते.

जाहिरातीतला वेग आणि प्रत्यक्षातला वेग यांतील अंतराचे मूळही येथेच आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने चौथ्या पिढीसाठी (४जी) घातलेल्या अटींत कमाल कार्यक्षमता दर हर्ट्झमागे १५ बिट प्रतिसेकंद होती, तर शहरी भागातील सेलची सरासरी अपेक्षा २.२ होती. पाचव्या पिढीत (५जी) कमाल ३० आणि दाट शहरी भागात सरासरी ७.८ अशी उद्दिष्टे ठेवली गेली. जाहिरात पहिल्या आकड्यावर होते आणि जाळे दुसऱ्या आकड्यावर चालते.

साशंक

मनोऱ्यावरून, फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसत असतात आणि तरी पान उघडत नाही, हा अनुभव सर्वांना आहे. आपल्या स्पष्टीकरणाप्रमाणे सिग्नल उत्तम असेल तर कार्यक्षमता उत्तम असायला हवी. मग हे कसे?

मनोऱ्यावरून

त्या दांड्या प्रामुख्याने मनोऱ्याकडून येणाऱ्या संदर्भ-संकेताची तीव्रता दाखवतात. त्या सेलवर आणखी किती जण आहेत, याची माहिती त्यांत नसते. शेजारच्या सेलचा अडथळा किती आहे, हेही त्यांतून नीट कळत नाही. चौथ्या पिढीपासून शेजारशेजारचे सगळे सेल बहुधा एकाच वारंवारितेवर चालतात. त्यामुळे संकेत जोरदार असूनही गोंगाट तेवढाच जोरदार असू शकतो. शिवाय मनोऱ्यापासून मुख्य जाळ्यापर्यंत जाणारा दुवा, ज्याला आम्ही बॅकहॉल म्हणतो, तो अरुंद असेल तर हवेतली क्षमता पडून राहते. मनोऱ्याला फायबर पोहोचलेले नसेल आणि मायक्रोवेव्हवर काम चालले असेल, तर अशी कोंडी होण्याचा संभव अधिक असतो.

संभाषणाच्या काळात गर्दी झाली की फोन लागत नसे आणि ते लगेच कळत असे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग यांनी १९१७ मध्ये दिलेल्या सूत्रावरून किती टक्के फोन अडतील, हे काढता येत असे आणि त्यावर पिढ्यान्पिढ्या नियोजन झाले. डेटा तसा अडत नाही, तो रांगेत थांबतो. ग्राहकाला नकार मिळत नाही, फक्त फिरणारे चक्र दिसते. त्यामुळे आता क्षमता संपली, असा स्पष्ट क्षणच येत नाही आणि याच संदिग्धतेमुळे क्षमतेविषयीचे वाद कधी मिटत नाहीत.

अवकलन

मी गणिताच्या बाजूने थोडी भर घालतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार एका दुव्याची कमाल क्षमता दोन गोष्टींवर ठरते: वर्णपटाची रुंदी, आणि संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर. यांतली रुंदी थेट गुणली जाते; दुसरे गुणोत्तर मात्र लॉगॅरिदमच्या आत बसलेले आहे. म्हणून संकेत गोंगाटाच्या १५ पट असेल तर दर हर्ट्झमागे ४ बिट मिळतात. तेच ८ करायचे असतील तर गुणोत्तर २५५ पट लागते. दुप्पट फळासाठी सतरापट शक्ती, आणि एवढे करूनही सर्व मनोऱ्यांनी शक्ती वाढवली तर परस्परांचा अडथळाही त्याच प्रमाणात वाढणार. एका दुव्यातून अधिक पिळून काढण्याचा मार्ग जवळजवळ संपलेला आहे, हे म्हणणे मला गणितापुरते बरोबर वाटते. एका चिन्हात, म्हणजे लहरीवर एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या एककात, ८ बिटांऐवजी १० बिट बसवले, तर उत्तम परिस्थितीतही लाभ केवळ २५ टक्के असतो.

मग सातशे पट वाढ कोठून पुरवली गेली?

तरंगलांबी

अवकलन, तुमचा प्रश्न या धाग्याच्या गाभ्यालाच हात घालतो. १९७३ मध्ये हातात धरण्याजोग्या मोबाइल फोनवरून पहिला कॉल करणारे मार्टिन कूपर यांनी पुढे एक ढोबळ हिशेब मांडला होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सुमारे ४५ वर्षांत बिनतारी क्षमता दहा लाख पटींनी वाढली. त्यातील २५ पट अधिक वर्णपट वापरता आल्यामुळे, ५ पट वर्णपटाचे अरुंद तुकडे केल्यामुळे, ५ पट सुधारित मॉड्युलेशनमुळे (लहरींवर माहिती चढवण्याच्या पद्धतीमुळे) आणि उरलेली १,६०० पट एकच वारंवारिता लहान लहान क्षेत्रांत पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे. हे अवयव काटेकोर मोजमापाने आलेले नाहीत, हे उघड आहे. त्यांचा गुणाकार बरोबर दहा लाख यावा, इतके ते सुबक आहेत. तरीही त्यांतील प्रमाण मला पटते.

ही पुनर्वापराची कल्पना अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्येच मांडली गेली होती. सगळ्या शहरावर एकच शक्तिशाली प्रक्षेपक ठेवण्याऐवजी शहराचे सेल पाडायचे आणि पुरेशा अंतरावर तीच वारंवारिता पुन्हा वापरायची. पहिल्या पिढीच्या जाळ्यांत सात सेलांचा गट करून वारंवारिता वाटण्याची पद्धत रूढ होती, म्हणजे एका सेलच्या वाट्याला एकूण वर्णपटाचा सातवा भाग येई. आज प्रत्येक सेल सगळा वर्णपट वापरतो आणि अडथळ्याचा बंदोबस्त संकेतप्रक्रियेवर सोपवलेला असतो.

साशंक

या हिशेबावर माझा आक्षेप आहे. कूपर यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार क्षमता दर तीस महिन्यांनी दुप्पट होते. पंधरा वर्षांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट. तुम्ही सांगितलेली डेटावाढ सातशे पटींची आहे. यांत दहापटींहून अधिक अंतर आहे आणि ते नुसत्या पुनर्वापराने भरून निघत नाही.

तरंगलांबी

आक्षेप रास्त आहे, पण दोन्ही आकडे निरनिराळ्या गोष्टी मोजतात. कूपर यांचा नियम एखाद्या क्षेत्रात एका वेळी किती संभाषणे होऊ शकतील याविषयी आहे. सातशे पट हा जगभरच्या प्रत्यक्ष वापराचा आकडा आहे. २००९ मध्ये डेटाचे जाळेच नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशांत नंतर जाळे पोहोचले, आणि जेथे ते होते तेथेही बहुसंख्य सेल रिकामे होते. वाढीचा मोठा भाग या रिकाम्या आणि नव्या जागांनी सामावून घेतला. क्षमतेचा भार जगाच्या सरासरीवर पडत नाही. गजबजलेल्या थोड्या सेलांवर तो एकवटतो आणि उरलेले सेल दिवसभर आळसावलेले असतात.

अंदाजपंचे

मला भाकितांच्या इतिहासाकडे लक्ष वेधायचे आहे, कारण या विषयात भाकितांवरच धोरणे ठरतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २००६ च्या अहवालात असे म्हटले होते की २०२० पर्यंत मोबाइल सेवांना एकूण १,२८० ते १,७२० मेगाहर्ट्झ वर्णपट लागेल. त्याच संघाच्या २०११ च्या अहवालात अशी नोंद आहे की २०१० मधील प्रत्यक्ष वाहतूक आधीच्या काही अंदाजांच्या पाचपटींहून अधिक निघाली. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहा. वाहतूक अंदाजाबाहेर गेली, आणि बहुतेक देशांत २०२० पर्यंत वापरात आलेला वर्णपट त्या श्रेणीच्या खालच्या टोकालाही पोहोचला नव्हता. भाकीत खरे मानले असते, तर जाळी कोसळायला हवी होती.

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानेही २०१० च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड आराखड्यात दहा वर्षांत ५०० मेगाहर्ट्झ नवा वर्णपट उपलब्ध करण्याची शिफारस केली होती आणि त्यामागे टंचाईची हीच भीती होती. माझ्या मते अशा भाकितांत एक पायाभूत उणीव असते: मागणी दरवर्षी वाढती धरली जाते आणि पुरवठ्याची बाजू मात्र आजच्या पद्धतीतच गोठवलेली असते. प्रत्यक्षात मनोरे वाढले, जुन्या पिढ्यांच्या जाळ्यांचा वर्णपट काढून नव्या पिढीला दिला गेला, व्हिडिओचे संक्षेपण सुधारले, आणि फोनवरील वापराचा फार मोठा भाग घरातल्या वाय-फायवर गेला. हा शेवटचा भाग मोबाइल जाळ्याच्या आकडेवारीत येतच नाही, म्हणून चर्चेतही फारसा येत नाही. वाय-फायचा प्रवेशबिंदू हा एका घरापुरता, स्वतःच्या बॅकहॉलसह आलेला अतिलहान सेलच आहे आणि त्याचा खर्च ग्राहकाने स्वतः केलेला आहे. पुनर्वापराचे यापेक्षा मोठे उदाहरण मला तरी सुचत नाही.

मनोऱ्यावरून

अंदाजपंचे यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु एक इशारा द्यावासा वाटतो. सेल लहान करत जाण्याला मर्यादा आहेत. नवीन जागा मिळवणे, तेथे वीज आणि फायबर नेणे, परवानगी घेणे, हे सगळे उपकरणापेक्षा महाग आणि वेळखाऊ ठरते. याच कारणाने पथदिव्यांच्या खांबांवरच्या लहान सेलांची जेवढी चर्चा झाली, तेवढी उभारणी झाली नाही. सेल फार जवळ आले की त्यांचा परस्पर अडथळाही वाढतो आणि फोनला सतत एका सेलमधून दुसऱ्यात जावे लागते.

म्हणून पाचव्या पिढीत भर वेगळ्या ठिकाणी दिला गेला: आहे त्याच मनोऱ्यावर, ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास १०० मेगाहर्ट्झपर्यंतचा सलग वर्णपट आणि अनेक अँटेनांचा संच. संशोधक थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये मांडलेल्या कल्पनेचा हा व्यवहारातला अवतार आहे. ६४ प्रक्षेपक असलेला संच एकाच वेळी, एकाच वारंवारितेवर निरनिराळ्या दिशांना निरनिराळे झोत टाकतो आणि अनेक ग्राहकांना एकत्र सेवा देतो. अवकलन यांनी सांगितलेली लॉगॅरिदमची भिंत येथे वळसा घालून ओलांडली जाते, कारण एका दुव्याची शक्ती वाढवण्याऐवजी दुव्यांची संख्याच वाढवली जाते. धागाकर्त्यांचे गणित पुढे नेऊ. ७.८ बिटांचे उद्दिष्ट साधले आणि तीन चतुर्थांश वेळ ग्राहकाकडे जाणाऱ्या दिशेला दिला, तर १०० मेगाहर्ट्झच्या सेलमधून सुमारे ५८५ मेगाबिट प्रतिसेकंद निघतात. २ मेगाबिटचा व्हिडिओ पाहणारे वीस जण ज्या जुन्या सेलला भरून टाकत होते, तेथे आता साधारण २९० जण बसतील. प्रत्यक्षात ग्राहक एकाच इमारतीत, एकाच दिशेला असले की झोत वेगळे करता येत नाहीत आणि लाभ घटतो.

वाचनमात्र

२६ किंवा २८ गिगाहर्ट्झचे काय झाले? तेथे तर वर्णपट मुबलक आहे, असे वाचले होते.

मनोऱ्यावरून

मुबलक आहे, पाचव्या पिढीत तेथे एका वाहकाला, म्हणजे वर्णपटाच्या एका सलग पट्ट्याला, ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदी देता येते. परंतु त्या लहरी भिंत ओलांडत नाहीत, झाडाच्या पानांनीही क्षीण होतात, आणि हाताचा पंजा अँटेनावर आला तरी दुवा डळमळतो. क्रीडांगणे, मोठी सभागृहे, रेल्वे स्थानके अशा उघड्या आणि गच्च जागी त्यांचा उपयोग चांगला होतो. बहुसंख्य वापर इमारतींच्या आत होत असल्याने सर्वसाधारण जाळ्याचा भार त्या उचलू शकलेल्या नाहीत.

अवकलन

वाढीचा वेग उतरण्याचे कारणही मोजता येण्याजोगे आहे, असे मला वाटते. व्हिडिओचा भार म्हणजे पाहण्याचे तास गुणिले बिटदर. पाहण्याच्या तासांना दिवसाची मर्यादा आहे. बिटदराला पडद्याच्या आकाराची आणि डोळ्याची मर्यादा आहे. हातातल्या पडद्यावर एका टप्प्यानंतर अधिक बारकावा दिसतच नाही. उरतात नवे ग्राहक, आणि त्यांचीही संख्या अमर्याद नाही. असे तीनही घटक संपृक्ततेकडे जात असताना घातांकी वक्र पुढे ओढत नेणे गणिताला धरून नाही. एखादा नवा उपयोग हे चित्र बदलू शकतो, हे मान्य. पण तो व्हिडिओएवढी भूक असलेला आणि घराबाहेर, चालताफिरता वापरला जाणारा असावा लागेल. ही दुसरी अट बहुतेक भाकिते विसरतात.

साशंक

नवा उपयोग आधीच आलेला आहे. घराला केबलऐवजी मोबाइल जाळ्यावरून इंटरनेट देण्याची सेवा झपाट्याने वाढली आहे. एरिक्सनच्याच अंदाजानुसार २०२४ अखेर मोबाइल जाळ्यांवरील एकूण वाहतुकीचा सुमारे चौथा भाग या सेवेचा होता. घरातला मोठा पडदा, तासन्‌तास चालणारे चित्रपट आणि सगळ्या कुटुंबाचा वापर, हे सर्व आता हवेतून जाते. वाय-फायने जे ओझे जाळ्यावरून काढले, असे अंदाजपंचे म्हणतात, तेच ओझे मागच्या दाराने परत आले आहे.

तरंगलांबी

साशंक, हा या धाग्यातला सर्वांत मोलाचा आक्षेप आहे, आणि मूळ विधानाची परीक्षाही त्यातच होते. असे एक घर महिन्याला एका फोनच्या कित्येक पट डेटा वापरते. महिन्याच्या बेरजेवर जाळे चालत असते, तर ही सेवा कोणत्याही कंपनीला परवडली नसती. ती परवडते, कारण ती सर्वत्र विकली जात नाही. शहाणपणाने चालवणाऱ्या कंपन्या पत्ता विचारतात, त्या पत्त्यावर सेवा देणाऱ्या सेलमध्ये गर्दीच्या तासाला किती जागा शिल्लक आहे ते पाहतात, आणि जागा नसेल तर ग्राहकाला प्रतीक्षायादीत ठेवतात. पाचव्या पिढीचा वर्णपट मनोऱ्यावर चढला, पण फोनवाल्यांनी तो भरलेला नाही, अशा सेलांतच ही घरे बसवली जातात.

धोका आहे तो वेळेच्या जुळणीत. घरातला चित्रपट आणि फोनवरचा व्हिडिओ या दोन्हींची गर्दी संध्याकाळनंतर एकाच वेळी होते, त्यामुळे घरांचा वापर रात्रीच्या रिकाम्या जागेत सरकत नाही, तो शिखरावरच चढतो.

मनोऱ्यावरून

आणि उलट दिशेकडे, म्हणजे फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या वाहतुकीकडे, या धाग्यात आतापर्यंत कोणी फारसे पाहिले नाही. मनोरा एका वाहकावर दहा वॅटांच्या कित्येक पट शक्ती टाकतो; फोनची नेहमीची कमाल मर्यादा ०.२ वॅट आहे. कडेच्या ग्राहकाला खाली येणारा व्हिडिओ दिसतो, पण त्याने काढलेला व्हिडिओ वर जात नाही, याचे कारण हेच. घराच्या छतावर पक्क्या बसवलेल्या, मनोऱ्याच्या दिशेने रोखलेल्या अँटेनाला ही अडचण कमी भासते. म्हणून घरांसाठीची ही सेवा द्यायची असेल, तर खिडकीत ठेवायच्या यंत्रापेक्षा छतावरच्या अँटेनाचा आग्रह धरावा, असे नियोजनात आम्ही सुचवतो: त्याच घराला तेवढाच डेटा देताना सेलचा बराच कमी वेळ खर्च होतो. बसवणाऱ्या माणसाचा खर्च वाचवण्यासाठी कंपन्या अनेकदा हा सल्ला बाजूला ठेवतात आणि मग तोच खर्च वर्णपटातून भरतात.